ताईचं ऑफिस

ताईनं बारामतीत स्वतःचं ऑफिस टाकलं, त्या आठवड्यात मी तिच्यासाठी बारा स्लाइड्स केल्या होत्या. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणी काही नवीन सुरू करतंय म्हटलं की आमच्या हातून आपोआप स्लाइड्स होतात. वेबसाइट, गुगल मॅपवर रिव्ह्यू, 'सातबारा कसा वाचायचा' अशी इन्स्टाग्राम रील्स, पहिला सल्ला मोफत, पक्षकारानं दुसरा पक्षकार आणला तर फीमध्ये सूट. शेवटच्या स्लाइडवर तीन वर्षांचा आलेख. अर्थातच वर जाणारा.

ताईनं सगळं नीट बघितलं, चहा संपवला आणि म्हणाली, "यातलं निम्मं जरी केलं ना, तरी माझी सनद धोक्यात येईल."

वकिलांना जाहिरात करता येत नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं नियम केलेत. त्यातला ३६ वा नियम सांगतो की वकिलानं कुठल्याही वाटेनं काम मागायचं नाही. जाहिरात नाही, दलाल नाही, ओळख नसताना जाऊन भेटणं नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर 'जमिनीच्या केसेसचे तज्ज्ञ' वगैरे लिहायचं नाही. २००८ मध्ये वेबसाइटला सवलत मिळाली, पण तीही नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच.

"मग तू वकील आहेस हे लोकांना कळणार कसं?"

"कोर्टात दिसेन की."

हे तिचं बिझनेस मॉडेल होतं.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आधी बीएस्सी, मग पुण्यात तीन वर्षांचं एलएलबी, मग सनद, मग बार कौन्सिलची परीक्षा. माझं इंजिनिअरिंग संपलं आणि दोन महिन्यांत पगार सुरू झाला. ती तेव्हा बारामतीत एका सिनिअरांच्या हाताखाली होती. सकाळी बोर्ड बघायचा, फायली काढायच्या, साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले की उभं राहून मुदत मागायची, नकलांचे अर्ज द्यायचे, टायपिंगवाल्याच्या मागं लागायचं. महिन्याला मिळायचं ते स्कूटीच्या पेट्रोलला पुरायचं. माझ्या पहिल्या पगाराचा आकडा ऐकून ती "भारी रे" म्हणाली आणि मग माझ्याच पैशांनी आम्ही मिसळ खाल्ली.

ज्युनिअरला किमान विद्यावेतन द्यावं, शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,०००, असं परिपत्रक बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलं. तीही शिफारस, सक्ती नाही. त्याच वर्षी ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. आधी घेतलेले पैसे मात्र परत करायचे नव्हते. ताईनं ती बातमी मला फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "सगळं चांगलं माझ्यानंतरच होतं."

मी फारच कुरकुर केली की ती मला १९२३ साल सांगायची. त्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन एवढं सगळं पाठीशी असून सनदेच्या पैशांसाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देईनात. मग तालुक्याच्या कोर्टांतली छोटी कामं केली, बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवून घर चालवलं. आणि त्याच १९२३ साली भारतात बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला. नाशकात जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. कोर्टात वकील म्हणून उभं राहायला त्यांना तीस वर्षं थांबावं लागलं. मधली कितीतरी वर्षं त्या पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेची कामं करत होत्या.

"मला साडेचारच वर्षं लागली," ताई म्हणायची. "मी लकी आहे."

तर २०२३ च्या जानेवारीत तिनं ऑफिस टाकलं. कोर्टापासून चालत सात मिनिटं, पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. जुन्या बाजारातलं टेबल, चार खुर्च्या, दाजींनी स्वतः ठोकलेलं पुस्तकांचं कपाट. पहिल्या महिन्यात जिना चढून पाच माणसं आली. त्यातल्या दोघांना एलआयसीवाले कुठं बसतात ते विचारायचं होतं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. बारामती ते इंदापूर साधारण पन्नास किलोमीटर. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत जाणारा हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. गावाकडच्या जमिनीचा दावा इंदापूरच्या कोर्टात लागतो. त्यावरचं अपील तेव्हा बारामतीला, जिल्हा न्यायाधीशांसमोर असायचं. म्हणून ताईनं ठरवलं की दोन्हीकडं जायचं. आठवड्यातले दोन दिवस इंदापूर. शुक्रवारी मला घरून काम असायचं, तेव्हा मीच तिला गाडीवरून न्यायचो. ती कोर्टात, मी बाहेर कँटीनच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये. मागून पुकारा ऐकू यायचा, आणि माझ्या मॅनेजरनं एकदा विचारलं होतं की तुझ्याकडं कुणाचा लिलाव चालू आहे का.

त्या बाकड्यावरून मला तिचा धंदा थोडा थोडा कळत गेला. धंदा म्हटलेलं तिला आवडत नाही, पण भाडं धंद्यालाच द्यावं लागतं.

पहिली गोष्ट: फी उसाच्या बिलावर अवलंबून असते. "कारखान्याचं बिल पडलं की देतो मॅडम" हे वाक्य माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर, तिन्हीकडच्या सभासदांकडून एकाच सुरात येतं. ताईच्या वहीत ऑक्टोबरपर्यंत नुसती नावं असतात, आकडे गाळप सुरू झाल्यावर भरतात. मी तिला 'कॅश फ्लो' समजावायला गेलो होतो. ती म्हणाली, "अण्णांना समजाव आधी. ते पण खताच्या दुकानदाराला हेच सांगतात."

दुसरी गोष्ट: नाही कधी म्हणायचं. पुणे-सोलापूर हायवेवर अपघातात मुलगा गेलेला एक माणूस आला होता. नुकसानभरपाईचा दावा करायचा होता. म्हणाला, "आत्ता खिशात काही नाही, पण मिळतील त्यातले वीस टक्के तुमचे." मला ते अगदी रास्त वाटलं, स्टार्टअपमध्ये आम्ही शेअर घेतोच की. ताईनं हात जोडले. निकालावर ठरणारी फी किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. तिनं सांगितलं की ठरलेली फी थोडी थोडी द्या, जमेल तशी. तो माणूस गेला तो परत आला नाही. टक्क्यांवर काम करणारा दुसरा कुणीतरी त्याला भेटला असणार.

तिसरी गोष्ट: तारीख. इथं मात्र मी कामाला आलो. चेक न वटल्याच्या केसमध्ये बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. एक दिवस चुकला तर आधी उशीर माफ करा म्हणून कोर्टाची मनधरणी करावी लागते. ताई हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायची, कालनिर्णयच्या एकादशीशेजारी. मी तिला एक साधी शीट करून दिली. प्रत्येक केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, पुढची तारीख, मुदत संपायच्या आधी दहा, पाच आणि दोन दिवस फोनवर आठवण. बारा स्लाइड्समधलं काही उपयोगी पडलं नाही. ही शीट ती अजून वापरते.

दीड वर्षात साठेक फायली झाल्या. भाडं निघू लागलं. मी पुन्हा आलेख काढायच्या बेतात होतो.

मग २०२४ चा मे महिना आला.

पालखी मार्ग रुंद झाल्यापासून रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आलाय. आमच्या आजोबांच्या नावची जमीन वडिलोपार्जित. ते २०१६ मध्ये गेले, आजी आधीच गेली होती. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लागली: अण्णा, काका आणि आत्या. रस्त्यालगतचा एक एकर घ्यायला पुण्याचा एक माणूस तयार झाला होता. त्याच्या वकिलानं सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या म्हणजे मोकळं होईल.

आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भाऊ बहिणीला साडी घेतो, जेवायला घालतो, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेतो, ती सही करते. तेव्हा असा दस्त २०० रुपयांच्या मुद्रांकावर व्हायचा. सही करताना तिला कुणी काही विचारत नाही, आणि न करणाऱ्या बहिणीला भाऊबीजेला माहेर उरत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

मला यात काय हवं होतं तेही सांगतो. वाकडला मी एक फ्लॅट बघून ठेवला होता. अण्णांच्या वाट्यातून डाउन पेमेंट होणार होतं. जमिनीचे दोन भाग झाले तर पुरत होतं, तीन झाले तर नव्हतं. ही वजाबाकी मी केली होती, रात्री, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर.

कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती. ताई-दाजी गावी आले होते, आत्या अकलूजकडून आली होती. आमरस झाला. अण्णा म्हणाले, "कागद आपल्या वकीलबाईच करतील. फी घरातल्या घरात." सगळे हसले. आत्या पण हसली. म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? कुठं सही करायची तेवढं दाखव बाई."

ताई म्हणाली, "आत्या, त्या कागदात काय लिहिलेलं असतं ते आधी ऐक."

आणि तिनं सांगितलं. आवाज न चढवता, कोर्टात तारीख सांगावी तसं. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. तुझा तिसरा हिस्सा आहे. आजच्या भावानं त्याचे इतके होतात. सही केलीस की तो गेला, आणि परत मागता येणार नाही. "तुला सोडायचाच असेल तर सोड, तुझा हक्क आहे तो. पण हा कागद मी करणार नाही. मी अण्णांची मुलगी आहे, तू सोडलेलं उद्या माझ्याच घरात येणार आहे. तू दुसऱ्या कुठल्या तरी वकिलाला विचार."

काका ताटावरून उठले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्यासाठी शिकवलं का गं तुला?"

मी काय केलं? काहीच नाही. पंख्याकडं बघत बसलो. रात्री तिला मेसेज केला, "थोडं थांबायचं ना ताई. माझ्या बुकिंगचं तुला माहिती होतं." एकाच घरात, दोन खोल्यांमधून.

ती उठून माझ्या खोलीत आली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "परवा एखादी बाई दोन भावांच्या मधे बसून माझ्या ऑफिसात आली, तर तिला बाजूला घेऊन मी विचारते, ताई, तुम्हाला खरंच सोडायचंय का? मग आत्याला नाही विचारायचं? का, तर तुझा फ्लॅट आहे म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. फ्लॅट हेच माझं उत्तर होतं.

आत्यानं पंधरा दिवस घेतले. अकलूजच्या एका वकिलांना भेटली. मग तिनं अण्णांना फोन करून सांगितलं की मी हक्क सोडत नाही, विकायचं तर तिघं मिळून सही करू. पावसाळा संपता संपता खरेदीखत झालं, आणि तिसरा हिस्सा आत्याच्या खात्यात गेला. वाकडचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. मी अजून भाड्यानं राहतो.

याचं फळ ताईला लगेच मिळालं, ते असं: भावकीतल्या चौघांनी फायली परत नेल्या. "स्वतःच्या बापाचा कागद केला नाही तिनं, आपलं काय करणार?" गावात हे वाक्य फिरत होतं. साठ फायलींतल्या चार म्हणजे फार नाहीत असं मला वाटलं, पण त्या चार वेळेवर पैसे देणाऱ्यांच्या होत्या. सप्टेंबरमध्ये भाडं दाजींच्या पगारातून गेलं.

त्या दिवसांत तिला तगवलं ते नव्या कायद्यांनी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि एका रात्रीत सगळे पुन्हा ज्युनिअर झाले. तीस-तीस वर्षं ४२० आणि ३०२ तोंडपाठ असलेले वकील बार रूममध्ये विचारू लागले, "पोरी, फसवणुकीचं आता कितवं गं?" "३१८, साहेब. खुनाचं १०३." ताईनं जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आधीच पाठ केला होता, मी तो फोनवर शोधता येईल असा करून दिला होता. त्यातून तिला ड्राफ्टिंगची कामं मिळाली. दोन सिनिअरांनी आपले जामीन अर्ज तिच्याकडं तपासायला दिले. यात जाहिरात नव्हती. ती कोर्टात दिसत होती, एवढंच.

त्या वर्षी भाऊबीजेला आत्या येईल की नाही, हे आईनं आठवडाभर आधीपासून मनात धरलं होतं. आत्या आली. अण्णांनी पाटावर बसून ओवाळून घेतलं. दोघं एकमेकांशी फार बोलले नाहीत. पण ती जेवून गेली, आणि जाताना अण्णांनी तिच्या पिशवीत शेतातली भाजी भरली. ताईशी मात्र ते संक्रांतीपर्यंत धड बोलले नव्हते.

नोव्हेंबरात, एका शुक्रवारी, मी इंदापूरला बाकड्यावर बसलो होतो. लासुर्ण्याकडची एक बाई आली. पन्नाशीची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारे. ताई कोर्टातून बाहेर पडली तशी तिनं गाठलं आणि विचारलं, "तुम्हीच ना त्या, बापाचा कागद न करणाऱ्या?"

तेच वाक्य. गावानं शिवी म्हणून सोडलेलं, पंधरा-वीस किलोमीटर चालत आलं होतं, आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला होता.

तिच्या वाटपाचा दावा ताईनं घेतला. महाराष्ट्रात बायकांना अशा मालमत्तेच्या दाव्यात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, हे त्या बाईला माहीत नव्हतं. ती स्टॅम्पच्या पैशांसाठी गळ्यातलं मोडून आली होती. वर्षभरात अशा सात जणी आल्या. दोघींनी मधेच माघार घेतली, कारण भाऊ घरी येऊन रडले. एकीनं अजून फी दिलेली नाही. सातांवरून आलेख काढता येत नाही, आणि मी काढलाही नाही.

मी ज्या जगात काम करतो, तिथं एक गोष्ट चालली की ती हजारपट करायची असते. ताईच्या कामात ती सोय नाही. प्रत्येक बाई पिशवी घेऊन पहिल्यापासून सुरुवात करते, आणि प्रत्येकीला एकच बघायचं असतं: ही बाई स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोलते का. ते एकदा कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. आमच्या घरात ते पाहणाऱ्यांत मी होतो, आणि त्या दिवशी मी समोरच्या बाजूला होतो.

आता अण्णा बोलतात. परवा तर कुणाला तरी फोनवर सांगत होते, "आमच्या वकीलबाईला विचारा, पण ती तोंडावर सांगती बरं का." काकांचं अजून जमलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी इंदापुरात बोर्ड लांबला होता. ताई माझ्या शेजारी बाकड्यावर बसून वडापाव खात होती. माझ्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता. अण्णांच्या वाट्याची राहिलेली जमीन उद्या आमच्या दोघांत येणार. ताईचं लग्न झालंय, दाजींचं बरं चाललंय. मी हसत हसत, चेष्टेतच, विचारलं, "ताई, तू माझ्यासाठी सोडशील का गं हक्क?"

तिनं कागदाला हात पुसले. हसली नाही, चिडलीही नाही.

"चांगल्या वकिलाला विचारून ये," ती म्हणाली. "मला नको विचारू. मी पार्टी आहे."

तेवढ्यात तिच्या केसचा पुकारा झाला. तिनं बँड सारखा केला, फाइल उचलली आणि आत गेली.